एका धुलाईयंत्राचा जीर्णोद्धार

अमेरिकेतील आयोवा राज्यात न्यूटन नावाच्या गावी फ्रेडरिक मेटॅग याने सहकाऱ्यांसह 1893 साली शेतीची अवजारे बनविण्याचा जो कारखाना काढला, त्यातून 1907 साली लाकडी पिंपाचे पहिले धुलाईयंत्र बाहेर पडले. आणि पुढे याच कारखान्याने ओतीव ॲल्युमिनियमचे पिंप, 1922 पासून त्याच्या तळाशी आलटून पालटून उलटसुलट फिरणारा ॲजिटेटर आणि पिंपाच्या काठावर कपडे पिळणारे दोन रबरी रूळ अशी जी रचना रूढ केली, ती इतकी पक्की निघाली की, रुळांची यंत्रे बनविणे त्याने थांबविले ते थेट 1983 साली. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. म्हणून पिंपाखाली बसविण्याजोगे पेट्रोलचे लहान इंजिनही कारखान्याने तयार केले होते. अशी यंत्रे आज तिकडच्या तळघरांत व कोठारांत धूळ खात पडलेली असतात, आणि घराची वाटणी होते तेव्हा ती अशा नातवंडांच्या वाट्याला येतात की, ज्यांनी आयुष्यात कधी मोटार उघडून पाहिलेली नसते.

तरीही नवशिक्याने हात घालावा असे याहून योग्य यंत्र मला दुसरे दिसत नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक मंडल नाही, गुप्त कळ नाही. मोटार, पट्टा, दंतचक्रांची पेटी आणि रूळ एवढाच त्याचा संसार, आणि तो सगळा स्क्रू व बोल्ट यांनी जोडलेला. आपल्याकडे ताक घुसळताना दोरीच्या ओढीने रवी जशी एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे फिरते, तशीच गती दंतचक्रांच्या योगाने ॲजिटेटरला मिळते, आणि साबणाचे पाणी कपड्यांच्या धाग्यांतून जोराने आरपार जाऊन मळ सुटतो.

नवशिक्याची पहिली नजर जाते ती उडालेल्या रंगाकडे आणि गंजाकडे, आणि तेथेच त्याची दिशा चुकते. लोखंड व ॲल्युमिनियम हे या यंत्रातील चिरंजीव घटक होत. कालगतीने मरतात ते मऊ पदार्थ, म्हणजे रबर, तारांवरील वेष्टन आणि वंगण. या तिघांची तपासणी ज्याने सर्वांत आधी केली त्याचे निम्मे काम झाले, असे मी खात्रीने म्हणेन.

रबराचेच पाहा. 1839 साली चार्ल्स गुडइयरने गंधक मिसळून रबर तापविले की ते लवचीक व टिकाऊ होते हे दाखविले; कारण त्याच्या लांबच लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. परंतु हवेतील प्राणवायू व ओझोन या रेणूंवर दशकानुदशके आघात करीत राहतात, काही साखळ्या तुटतात, काही नव्याने जखडल्या जातात, आणि शेवटी रूळ टणक होऊन त्यांवर बारीक भेगा पडतात. त्यातच यंत्र वर्षानुवर्षे रूळ एकमेकांवर आवळलेल्या अवस्थेत पडून राहिले असेल, तर जेथे दाब होता तेथे ते कायमचे चपटे होतात. मऊपणा परत यावा म्हणून त्यांना यंत्राचे तेल चोळण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व आणखी खराब होते. भेगाळलेल्या रुळाच्या दांड्यावर नवे रबर चढवून घेणे हाच त्यावर इलाज.

आणि हे रूळ सांभाळण्याजोगे आहेत. वरच्या स्क्रूने आवळलेला सगळा भार दोन रुळांमधील अगदी अरुंद पट्टीवर एकवटतो. समजा, भार 40 किलो आणि पट्टी 28 सेंटिमीटर लांब व एक सेंटिमीटर रुंद आहे. तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1.4 किलोचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाहूनही जास्त दाब पडतो, आणि धाग्यांच्या फटींत केशाकर्षणाने धरून ठेवलेले बरेचसे पाणी निमूटपणे पिंपात परत येते. एक लिटर पाणी उन्हावाऱ्याने उडून जायचे तर त्याला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. रूळ तेच काम क्षणार्धात नगण्य शक्तीत करतात. मात्र याच दाबाने असंख्य बोटे व हात चिरडले आहेत, इतके की अमेरिकेतील शल्यवैद्यांनी या दुखापतीला ‘रिंगर आर्म’ असे स्वतंत्र नाव दिले. म्हणून रूळ झटकन अलग करणारी सुरक्षा-दांडी गंजून अडकलेली नाही ना, हे मोटार बंद असताना जुन्या टॉवेलवर तपासल्यावाचून यंत्र चालवू नये.

ॲजिटेटर बहुधा दांड्यावर घट्ट बसलेला असतो, कारण ॲल्युमिनियम व पोलाद ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी सांध्यात घट्ट बसते. त्यावर हातोडा चालवू नये. ओतीव धातू तडकतो. त्याऐवजी ॲजिटेटरच्या पोकळीत उकळते पाणी ओतावे. ॲल्युमिनियमचे प्रसरण पोलादाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने 25 मिलिमीटर व्यासाच्या सांध्यात 60 अंश तापमानवाढीने मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढी ढिलाई येते. ही ढिलाई डोळ्यांना दिसत नाही, पण भुकटीची पकड सोडविण्यास ती बहुधा पुरते. पिंप घासताना कॉस्टिक सोडा कटाक्षाने टाळावा: ॲल्युमिनियमचे रक्षण करणारा ऑक्साइडचा पापुद्रा क्षारात विरघळतो आणि उघडा पडलेला धातू हायड्रोजनचे बुडबुडे सोडीत झिजू लागतो. पाण्यातील चुन्याच्या पुटांना सौम्य व्हिनेगर पुरे.

विजेची बाजू मात्र जाणकाराच्या देखरेखीखालीच हाताळावी. त्या काळी तारांवर रबर व सुती विणीचे वेष्टन असे. ते वाकविताच चुरा होऊन गळते. वायर दोन पदरी, अर्थिंग नाही, आणि यंत्र उभे ओल्या जमिनीवर. केवळ कुतूहलापोटी बटण दाबून पाहणे हे या प्रकरणातील सर्वांत मोठे अविचाराचे कृत्य होय. नवी तीन पदरी वायर, मोटारीच्या सांगाड्याला अर्थिंग आणि गळती-संरक्षक स्विच एवढी तरतूद झाल्याशिवाय विजेला हात लावू नये. अमेरिकेतून असे यंत्र इकडे आणणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: ट्रान्सफॉर्मर दाब 230 व्होल्टवरून 115 वर उतरवितो, पण वारंवारता 60 ऐवजी 50 च राहते, परिणामी मोटार एक षष्ठांशाने मंद फिरते आणि जास्त तापते.

दंतपेटीतील वंगणाची पाळी शेवटची. जुने तेल हवेने घट्ट होऊन डिंकासारखे झालेले असते. पट्टा काढून चक्रे हातानेच फिरवून पाहावीत, आणि ती सहज फिरू लागेपर्यंत मोटार जोडू नये.

ज्यांच्या घरी असे यंत्र पडून आहे, त्यांनी रंगाचा डबा आणण्यापूर्वी एवढे करावे: रुळांवरचा दाबाचा स्क्रू आजच सैल करून ठेवावा. त्याला खर्च नाही, कौशल्य लागत नाही, आणि शाबूत असलेले रबर त्याने आणखी काही वर्षे वाचते.