पिल्लांवरची मरळ

आषाढातली सकाळ. कर्नाटकातल्या चिंताकीजवळच्या एका तळ्याकाठी मामा जाळं पसरून बसले होते. फाटकी आस सुईनं जोडली की तिच्यात बोटं घालून बघायचे. "तीन बोटं गेलीच पायजेत. बारीक आस टाकली की लेकरंच वर येतेत."

मग थर्माकोलच्या तराफ्यावरून ते आत गेले. रात्री लावलेल्या जाळ्यात दोन कटले, एक रोहू. हे मासे या तळ्यात जन्मलेले नव्हते. कटला, रोहू, मृगळ यांना अंडी सोडायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगूळ इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी मिळवली. आज बोटुकली विकत आणून तळ्यात सोडता येते, ती त्या कामामुळे.

"पण हिचं बी कुठून आणाल?" मामांनी लव्हाळ्याकडे हात केला. तिथं पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा ताटाएवढा पुंजका हलत होता. मरळीची पिल्लं! श्वासासाठी वर येत, पुन्हा बुडत. खाली आईबापांचा पहारा. अशा वेळी मरळ जवळ येईल त्यावर झडप घालते. गळाला बेडकी लावली की हमखास सापडते. ती गेली की पिल्लं बगळ्यांच्या आणि मोठ्या माशांच्या तोंडी.

पाण्यात सुरुंग उडवणं, विष कालवणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानंच गुन्हा ठरवलं. गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा 1996 चा. हे कायदे कसोशीनं पाळले जायला हवेत. विषानं एका रात्रीत अख्खं तळं मरतं. पण लव्हाळ्याआड एकट्यानं गळ धरून बसलेल्या माणसावर कोण पहारा ठेवणार? पिल्लं दिसली की त्यानंच हात आखडायला हवा.

बाजारात मरळीला रोहूपेक्षा चढा भाव. तरी मामांनी तराफा लांबून वळवला आणि त्या अंगाला जाळं लावलंच नाही.

"पिल्लं पांगू द्या," काठाला लागताना ते म्हणाले, "मग बघू."