कोंकणांतील बेने इस्रायल

चिमूरच्या अरण्यप्रदेशांत राहणारांस, शेजारच्या घराचें दैवत व बोली आपल्याहून निराळी असूं शकते, हें मुद्दाम सांगावें लागत नाहीं. तेथें मराठीच्या जोडीला गोंडीही नांदते. याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, कोंकणच्या किनाऱ्यावर, धर्मानें ज्यू आणि भाषेनें मराठी असा एक समाज शतकानुशतकें राहत आला आहे. त्याचें नांव बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरें.

अलिबागजवळ नवगांव येथें गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी त्यांच्या पूर्वजांची परंपरागत कथा आहे. या लोकांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं घाणा बंद असे, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. हिब्रू भाषा व ग्रंथ विस्मृतींत गेले. परंतु शब्बाथाची विश्रांति, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, अन्नाविषयींचे निर्बंध आणि ‘शमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. आडनांवें मात्र गांवांवरून पडलीं: दिवेकर, किहीमकर, राजपूरकर. नवस फेडतांना पोहे, नारळ व साखर यांचा मलिदा करून एलियाहू प्रेषिताचें स्मरण करण्याची चालही त्यांचीच.

भारतांतील सर्व ज्यू एकाच घडणीचे नव्हेत. कोचीनचे ज्यू मलयाळम बोलत. एकोणिसाव्या शतकांत बगदादकडून आलेल्या ससून घराण्यासारख्या व्यापाऱ्यांची भाषा अरबी होती. पुण्याचें ‘लाल देऊळ’ १८६७ सालीं डेव्हिड ससून यांच्या दातृत्वानें पूर्ण झालें. मुंबईंत बेने इस्रायलांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं सामुएल दिवेकर यांनीं बांधलें होतें.

इस्रायल राष्ट्र १९४८ सालीं स्थापन झाल्यावर हजारों बेने इस्रायल तिकडे गेले. तेथें एक कठीण प्रश्न उभा राहिला. धर्मपंडितांच्या देखरेखीवांचून पिढ्यान् पिढ्या झालेले विवाह व घटस्फोट शास्त्रशुद्ध होते काय, अशी शंका घेऊन तेथील धर्माधिकारी लग्नापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करूं लागले. ज्या समाजानें ग्रंथ हरवूनही शनिवार सोडला नव्हता, त्याच्याच ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला! त्याविरुद्ध चळवळ झाली, आणि १९६४ सालीं इस्रायलच्या सरकारनें हे लोक सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असें जाहीर केलें.

महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं ज्यूंस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. इस्रायलांत गेलेल्यांनीं ‘मायबोली’ हें मराठी नियतकालिक काढलें. कोंकणांत त्यांनीं धर्म जपला. धर्मभूमींत गेल्यावर मराठी जपली. त्यांच्या लेखीं या दोन गोष्टींत कधींच विरोध नव्हता.