ताप परत आला : औषध हरले की डास पुन्हा चावला?

आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेचा संगम आहे, हतनूर धरणाचे बॅकवॉटर आहे, ओलिताच्या केळीबागा आहेत. पाणी तिथे डास, आणि डासांबरोबर हिवतापाची भीती. गोळ्या घेऊन बरा झालेला माणूस महिन्याभरात पुन्हा हुडहुडी भरून तापला, की घरचे म्हणतात, 'गोळ्याच खोट्या!' हे खरे असेलही. पण तसे ठरवायचे कसे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

शेतात हराळी निंदून काढली आणि ती पुन्हा दिसली, तर जुनी मुळी राहिली की नवी काडी बाहेरून आली, असा प्रश्न पडतो. हिवतापाचेही तसेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जुना जंतू आणि नवा जंतू सारखेच दिसतात. फरक कळतो तो जनुकांवरून.

फाल्सिपेरम या घातक जंतूच्या एमएसपी-१, एमएसपी-२ व ग्लर्प या जनुकांतील काही भागांची लांबी वाणागणिक वेगळी असते. म्हणून औषधाच्या चाचणीत पहिल्या दिवशी बोटातून रक्ताचे थेंब घेऊन खास कागदावर वाळवतात. पुढे २८ किंवा ४२ दिवस रुग्णावर लक्ष ठेवतात. जंतू पुन्हा सापडले तर दुसरा नमुना घेतात. पीसीआर यंत्रात त्या भागांच्या असंख्य प्रती काढून दोन्ही नमुने शेजारी शेजारी ताडून पाहतात. प्रत्येक जनुकात जुनी खूण सापडली, तर औषध कमी पडले. एखाद्या जनुकात सगळ्याच खुणा वेगळ्या निघाल्या, तर डास नव्याने चावला. ही पारख शंभर टक्के अचूक नाही, कारण गावात एकच वाण फार पसरला असेल तर नवा जंतूही जुन्यासारखाच दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? अशी छाननी करूनही अपयश १० टक्क्यांवर गेले, तर औषध बदलावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नव्या चाव्यांचे खापर औषधावर फुटले, तर चांगले औषध हातचे जाईल. उलट खरे अपयश झाकले गेले, तर माणसे दगावतील. ईशान्य भारतात आर्टेसुनेट व सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही जोडी कमी पडते असे अशा अभ्यासांतून दिसले, आणि २०१३ मध्ये तेथे आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन आणण्यात आले.

व्हायव्हॅक्सची गोष्ट मात्र निराळी. हा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उठतो. उठणारा वाण आधीच्या तापातलाच असेल असेही नाही. त्यामुळे खुणा जुळल्या काय नि न जुळल्या काय, येथे जनुकांची साक्ष अपुरी पडते. दडलेल्या जंतूवर प्रायमाक्विन चालते. आपल्याकडे ते पूर्वी ५ दिवस देत. ५ आणि १४ दिवसांची तुलना मुंबईच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १४ दिवसांचा क्रम रूढ झाला. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी पुडी कोनाड्यात ठेवणारे आमच्याही घरात आहेत! मात्र जी-६-पीडी या द्रव्याची रक्तात कमतरता असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर प्रायमाक्विनआधी डॉक्टरांना सांगावेच लागते.