कर्जत-खालापूर परिसरातील मराठी भाषक विद्यार्थी आणि इंग्रजी उच्चारांचे अध्यापन : अडचणी व दिशा

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांचे आजचे जीवन मुंबई-पुणे लोहमार्ग, खोपोलीची कारखानदारी आणि अलीकडे वाढलेला पर्यटन व्यवसाय यांच्याशी जोडलेले आहे. येथील पदवीधरास नोकरीसाठी कारखान्यात, अतिथिगृहात किंवा लोकलने मुंबईस जावे लागते आणि तेथे इंग्रजी बोलण्याचा प्रसंग येतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही उत्तरपत्रिकेत बरे इंग्रजी लिहिणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत किंवा मुलाखतीत गप्प बसतो, हा अनुभव महाविद्यालयीन शिक्षकांस नवा नाही. या मौनामागे व्याकरणाइतकीच उच्चाराची धास्ती असते. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करून तिच्या निवारणाची काही दिशा सुचविण्याचा प्रयत्न केला आहे.

मातृभाषेचा ध्वनिव्यूह

उच्चारातील चुका निष्काळजीपणामुळे होतात, असा एक समज आहे. वस्तुतः त्या नियमबद्ध असतात व त्यांचा उगम बहुधा मातृभाषेत असतो. चिनी विद्यार्थ्याशी तुलना केल्यास हे स्पष्ट होते. प्रमाण चिनी भाषेत शब्दावयवाच्या अखेरीस अनुनासिकांखेरीज अन्य व्यंजन सहसा येत नाही. त्यामुळे 'बेड', 'डिस्क' यांसारखे शब्द चिनी विद्यार्थ्यास जड जातात. मराठी भाषकास ते सहज जमतात. उलट, इंग्रजी शब्दाच्या आरंभी आघातयुक्त 'प', 'ट', 'क' उच्चारताना जो श्वास सुटतो, तो चिनी भाषकास सहज साधतो. मराठी भाषक मात्र तेथे श्वासरहित 'प', 'ट', 'क' योजतो. परिणामी त्याचा 'पिन' हा शब्द इंग्रज श्रोत्यास 'बिन' असा ऐकू येऊ शकतो. येथे विशेष हे की, मराठीत 'कार' आणि 'खार' हा भेद मुळातच आहे. म्हणजे हवा असलेला श्वास विद्यार्थ्याजवळ असतो. तो कोठे योजावयाचा, एवढेच त्यास ठाऊक नसते.

इंग्रजी 'ट' व 'ड' यांचे स्थान दंतमूलाशी आहे. मराठी 'ट', 'ड' जीभ मागे वळवून उच्चारले जातात. 'थिंक' व 'दॅट' यांतील घर्षक ध्वनी मराठीत नाहीत, म्हणून त्यांची जागा दंत्य 'थ' व 'द' घेतात. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' या दोहोंसाठी मराठीत एकच 'व' आहे. 'शिप' आणि 'शीप' यांतील भेदही निसटतो, कारण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ 'इ' लेखनात वेगळी असली तरी बोलण्यात तिची लांबी बहुतांशी शब्दातील स्थानावर अवलंबून असते.

लिपी : साह्य आणि अडथळा

आपला विद्यार्थी इंग्रजी शब्द प्रथम कानाने नव्हे, तर डोळ्यांनी शिकतो. शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून घेण्याची सवय सार्वत्रिक आहे. ती सर्वस्वी त्याज्य नाही. 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे इंग्रजी स्वरांसाठीच रूढ झाली. 'व' आणि 'व्ह' या लेखनातून वरील भेदही दाखविता येतो. परंतु 'व्ह' लिहिल्याने नको असलेला हकार उच्चारात शिरतो. 'वॉक्ड' असे लिहून घेतल्यास 'वॉक्ट' हा योग्य उच्चार कानी पडूनही ऐकला जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देवनागरी लेखनात आघात दिसत नाही.

आघाताची उपेक्षा

मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र 'रेकॉर्ड' हा शब्द नाम की क्रियापद, हे आघातावरून कळते. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, तर 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर असतो, आणि आघातहीन स्वर क्षीण होऊन बहुधा 'अ'सारखे ऐकू येतात. आपला विद्यार्थी प्रत्येक अक्षरास सारखेच वजन देतो. कारखान्यातील 'इक्विपमेंट' व 'सर्टिफिकेट' (आघात दुसऱ्या अवयवावर) किंवा अतिथिगृहातील 'हॉटेल' व 'रिसॉर्ट' (आघात अखेरच्या अवयवावर) हे नित्याचे शब्दही यास अपवाद नाहीत.

हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेशी संबंधित असलेले आर. के. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीयांचे इंग्रजी परक्या श्रोत्यास न कळण्याच्या कारणांत चुकीच्या आघातास महत्त्वाचे स्थान दिले. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली वेगळी भूमिका मांडली. भिन्नभाषक लोक परस्परांशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा आरंभीच्या व्यंजनांतील श्वास, स्वरांची लांबी आणि वाक्यातील मुख्य आघात आवश्यक ठरतात, 'थिंक'मधील घर्षक ध्वनी मात्र नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शब्दाघातास त्यांनी या आवश्यक यादीत स्थान दिले नाही. मतभेद असला तरी दोहोंतून एक सूत्र हाती येते : उच्चारशिक्षणाचे ध्येय इंग्रजांची नक्कल हे नसून सुबोधता हे असावे.

बोली आणि न्यूनगंड

या परिसरात आगरी, ठाकरी, कातकरी अशा बोली नांदतात. उत्तर कोकणातील बोलींत 'ण'ऐवजी 'न' येतो, हे सर्वज्ञात आहे. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटल्याबद्दल शाळेत ज्याचा उपहास झाला, त्यास आपली जीभच सदोष आहे असे वाटू लागते. इंग्रजीच्या तासाला तो दुसऱ्यांदा हशाचा विषय होतो आणि पुढे तोंड उघडत नाही. आदिवासी वाड्यांतून महाविद्यालयापर्यंत येणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही हानी अधिक गंभीर आहे. वास्तविक घरची बोली, प्रमाण मराठी आणि हिंदी असे तीन ध्वनिव्यूह सांभाळणारा विद्यार्थी हा भाषेच्या दृष्टीने संपन्न असतो.

काही उपाय

१. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून 'कार' व 'खार' म्हणवून घ्यावे. पट्टी कशाने हलते हे पाहिल्यावर इंग्रजी 'पिन'मधील श्वास समजावून सांगणे सोपे जाते.

२. 'व्हेस्ट'साठी वरचे दात खालच्या ओठावर, 'वेस्ट'साठी ओठांचा चंबू, हा भेद आरशात दाखवावा.

३. देवनागरीत उच्चार लिहू द्यावा. मात्र आघातयुक्त अवयव अधोरेखित करण्याची व तो शब्दकोशात पडताळण्याची सवय लावावी.

४. हे कार्य केवळ इंग्रजी विभागाचे नाही. 'इकॉनॉमी' व 'इकॉनॉमिक्स' यांतील आघात अर्थशास्त्राच्या, तर 'ॲनॅलिसिस'मधील आघात रसायनशास्त्राच्या तासालाच पक्का होऊ शकतो.

५. विद्यार्थी बोलत असताना वाक्य तोडून दुरुस्ती करू नये. ती नंतर व सर्वांस उद्देशून करावी. 'थ' व 'द' यांवर वेळ खर्च करू नये.

समारोप

सारांश, विद्यार्थ्याच्या उच्चारातील दोष हे त्याच्या मातृभाषेच्या सुसंगत व्यवस्थेचे पडसाद आहेत. ती व्यवस्था शिक्षकास ठाऊक असेल, तर तीच अध्यापनाचे साधन ठरते. मोजके भेद, आघाताचा सराव आणि उपहासमुक्त वर्ग एवढ्याने प्रत्येक विद्यार्थी अस्खलित बोलू लागेल असे नाही; परंतु तो बोलू लागेल, आणि पुढील सर्व सुधारणा त्यानंतरच संभवतात.