लिंबूटिंबूचं गणित

माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त थायलंडात असतो. गेल्या वर्षी तो तिथल्या एका हौशी गोल्फ मंडळात जाऊ लागला. परदेशातून येऊन राहिलेल्या लोकांनी अशी मंडळं काढलेली असतात. त्यांचं स्वतःचं मैदान नसतं. आठवड्यातून दोनतीनदा कुठल्यातरी मैदानावर जमायचं, सामना खेळायचा, एकत्र जेवायचं आणि घरी जायचं. एका सोमवारी त्याने घरच्या ग्रुपवर निकालाचा फोटो टाकला. पहिले आलेल्या आजोबांना अठरा होल पुरे करायला 104 फटके लागले होते. दुसऱ्या नंबरच्या तरुणाला 76.

गोल्फमध्ये कमी फटक्यांत चेंडू होलात घालणारा जिंकतो, एवढं मलाही ठाऊक होतं. मग 28 फटके जास्त मारणारे आजोबा पहिले कसे? मी फोन लावला. तो म्हणाला, "अगं ताई, आजोबांचा हँडिकॅप 32 आणि त्या पोराचा 3. 104 वजा 32 म्हणजे 72. 76 वजा 3 म्हणजे 73. आजोबा एका फटक्याने जिंकले."

फोन ठेवला आणि मला एकदम खडकीतली आमची गल्ली दिसली. लगोरीचा डाव मांडलाय, दादा आणि त्याचे मित्र भिडू वाटून घेतायत आणि मी कडेला उभी आहे, सहा वर्षांची. आईने आतून सांगितलंय, हिलाही घ्या. मग दादा जाहीर करतो, "ही लिंबूटिंबू हं!" म्हणजे मला चेंडू लागला तरी मी बाद नाही आणि माझ्यावर राज्य नाही. कुठे याला दूधभात म्हणतात, कुठे कच्चा लिंबू. शब्द कुठलाही असो, लहानांना मोठ्यांच्या डावात घेण्याची ही युक्ती मराठी गल्ल्यांनी कधीच शोधून ठेवली आहे. गोल्फच्या हँडिकॅपने याच युक्तीला मोजमाप दिलं. ते मोजमाप समजून घेत गेले तशी मी थक्क होत गेले.

हा शब्दच मुळी टोपीतून आला आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता, 'हँड इन कॅप'. एकाकडे घड्याळ, दुसऱ्याकडे शाल. तिसरा माणूस पंच. कुणी वर किती पैसे द्यावेत म्हणजे सौदा बरोबरीचा होईल, हे तो सांगायचा. दोघे टोपीत हात घालायचे आणि बाहेर काढून सौदा मान्य की अमान्य ते दाखवायचे. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. तेज घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचं, मंद घोड्याला कमी, म्हणजे सगळे एका वेळी रेषेपाशी पोचण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळ्यात शर्यती लागतात तेव्हा आजही वजनं अशीच ठरतात. तिथून हा शब्द गोल्फमध्ये आला. इथे मात्र बलवानावर ओझं टाकत नाहीत, नवख्याला सूट देतात.

ही सूट ठरवायची कशी? आमच्या गल्लीत ती दादा ठरवायचा, त्याच्या मर्जीने. गोल्फमध्ये ती तुमचाच खेळ ठरवतो. प्रत्येक फेरीनंतर गुणांचं कार्ड भरायचं. बरोबरच्या खेळाडूने त्यावर सही करायची. अशा शेवटच्या 20 फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या सर्वांत चांगल्या 8 निवडायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. सूट जास्तीत जास्त 54 पर्यंत मिळू शकते. पूर्वी जगात अशा सहा निरनिराळ्या पद्धती होत्या. 2020 मध्ये त्या एकत्र करून एकच जागतिक पद्धत आली.

पण वीसच्या वीस फेऱ्या का नाहीत? चांगल्या आठच का? मला यातली ही सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. हँडिकॅप तुम्ही रोज कसे खेळता ते विचारतच नाही. तुमच्या चांगल्या दिवशी तुम्ही कुठवर पोचता, ते विचारतो. उरलेल्या बारा फेऱ्यांमधला थकवा, ऊन, रात्रीचं जागरण, सगळं माफ. याचा अर्थ असाही होतो की बहुतेक दिवशी आपण आपल्याच हँडिकॅपला पुरे पडत नाही. तो अधूनमधून गाठायचा असतो. सूट देणारा आकडाच तुमच्याकडून तुमच्या उत्तम खेळाची अपेक्षा धरून बसलेला असतो.

आता एक अडचण. आजोबांनी सोप्या मैदानावर 32 ची सूट कमावली आणि पोरगा अवघड मैदानावर खेळून आला, तर तुलना कशी करायची? ही अडचण आपण रोज अनुभवतो. खडकीहून बोपोडीपर्यंत सपाट रस्त्याने सायकल हाणा. सराईत आणि नवखा यांच्यात मिनिटभराचा फरक पडेल. तेच दोघे सिंहगडाच्या चढाला लावा. सराईताला थोडाच वेळ जास्त लागेल, नवखा मात्र वळणावळणावर थांबेल. चढ दोघांना सारखा अवघड नसतो. अवघडपणा कच्च्या माणसाला जास्त छळतो.

अमेरिकेच्या नौदलातल्या डीन नुथ यांनी 1970 च्या दशकात याचाच अभ्यास केला. त्यातून 'स्लोप' नावाचा आकडा आला. मध्यम अवघड मैदानाचा स्लोप 113, कमीत कमी 55, जास्तीत जास्त 155. 113 च्या मैदानावर एकाला 4 ची आणि दुसऱ्याला 20 ची सूट आहे असं धरू. तेच दोघे 141 स्लोपच्या मैदानावर गेले की पहिल्याची सूट 5 होते आणि दुसऱ्याची 25. निष्णाताला एक फटका वाढवून मिळाला, नवख्याला पाच. सिंहगडाचा चढ आकड्यात मांडावा तसा.

हा स्लोप काढायला माणसं मैदानावर प्रत्यक्ष चालत जातात. त्यांच्याबरोबर दोन काल्पनिक खेळाडू असतात. एक तरबेज, पहिला फटका साधारण 229 मीटर मारणारा. दुसरा बेताचा, 183 मीटरवर थांबणारा. स्त्रियांसाठी याहून वेगळी अंतरं धरतात. प्रत्येक होलाशी विचारायचं, तरबेजाचा चेंडू इथे पडला तर पुढे काय? बेताच्याचा तिथे पडला तर? वाटेत वाळूचा खड्डा आहे का, तळं आहे का, झाडं किती दाट आहेत? अशा दहा गोष्टी तपासतात. त्यांतली दहावी आहे मनावर येणारं दडपण! समोर पाणी पसरलेलं पाहून हात थरथरतो, त्याचीही नोंद होते. जगातल्या हजारो मैदानांवर हे दोन न दिसणारे भिडू असे फिरून आले आहेत.

आणि वारा? त्याचाही विचार आहे. एखाद्या दिवशी मैदानावर निदान आठ जणांनी कार्डं भरली असतील, तर त्यांचे गुण नेहमीच्या अपेक्षेशी ताडून पाहतात. सगळ्यांचाच खेळ बिघडलेला दिसला, तर गणित समजून जातं की दोष हवेचा आहे आणि त्या दिवसाच्या हिशेबात दुरुस्ती करतं. वारा किती होता, हे कुणाला विचारावं लागत नाही.

भावाच्या मंडळाचा बुधवारचा सामना 'स्टेबलफोर्ड' पद्धतीचा असतो. फ्रँक स्टेबलफोर्ड हे पेशाने शल्यचिकित्सक. लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी क्लबात समुद्रावरून इतका वारा यायचा की पहिल्या एकदोन होलांतच लोकांचा खेळ विसकटायचा आणि ते हिरमुसून जायचे. डॉक्टरांनी फटके मोजण्याऐवजी प्रत्येक होलाला गुण देण्याची पद्धत काढली. 1898 मध्ये वेल्समधल्या पेनार्थ इथे त्यांनी ती प्रथम करून पाहिली होती. 16 मे 1932 रोजी वॉलेसीत ती सामन्यात उतरली. सूट धरून ठरलेल्या फटक्यांत होल पुरा केला तर 2 गुण, एक फटका जास्त लागला तर 1, एक वाचवला तर 3. दोन किंवा त्याहून अधिक फटके जास्त लागले तर शून्य. पण शून्याखाली कुणी जात नाही. एका होलाला दहा फटके लागले तरी नुकसान तेवढ्याच होलाचं. पुढच्या होलाला पाटी कोरी.

सूट होलांवर वाटायचीही रीत आहे. मैदानाच्या अठरा होलांना अवघडपणाप्रमाणे क्रमांक दिलेले असतात. आजोबांचे 32 फटके असे वाटले जातात: प्रत्येक होलाला एक, म्हणजे अठरा झाले. उरलेले चौदा सर्वांत अवघड चौदा होलांना आणखी एकेक. चार फटक्यांच्या अवघड होलाला आजोबांना सहा लागले तरी कार्डावर ते चारच धरतात आणि त्यांना 2 गुण मिळतात. अठरा होलांचे दोन-दोन गुण म्हणजे 36. जो आपल्या हँडिकॅपइतका खेळला, त्याचे गुण 36, मग तो पंचविशीतला असो की सत्तरीतला. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेलं वैर. इथे त्याच आकड्यावर सगळे समोरासमोर बसतात.

शुक्रवारी चौघांचा संघ. चौघांनी चेंडू मारायचा, सर्वांत चांगला पडलेला निवडायचा आणि सगळ्यांनी तिथूनच पुढचा फटका मारायचा. इथे संघाला सूट मिळते ती सर्वांत चांगल्या खेळाडूच्या हँडिकॅपच्या 25 टक्के, मग क्रमाने 20, 15 आणि 10 टक्के. 8, 16, 20 आणि 30 हँडिकॅपचे चौघे असतील, तर 2, 3.2, 3 आणि 3 मिळून 11. अशा संघात आजोबांचा एखादाच फटका कामी येतो. पण तो पडला की चौघे त्यांच्या चेंडूपाशी चालत जातात.

व्यावसायिकांच्या खेळात ही सूट नसते. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला तेव्हा त्याचा प्रत्येक फटका जसाच्या तसा मोजला गेला. तिथे जगात सर्वांत चांगलं कोण, हे शोधायचं असतं. हौशी मंडळाचा प्रश्न वेगळा आहे: आज स्वतःच्या मानाने सर्वांत चांगलं कोण खेळलं?

खडकीहून होळकर पूल ओलांडून विमानतळाकडे जाताना येरवड्याला गोल्फ क्लब चौक लागतो. वर्षानुवर्षं मी तिथून जाते आहे. झाडांमागचं हिरवं मैदान म्हणजे मोठ्या लोकांचा खेळ, आपला नव्हे, असंच वाटायचं. हा खेळ महागडा आहे आणि तो सगळ्यांच्या आवाक्यात येईल असंही नाही. पण त्याच्या पोटात दडलेलं हे गणित आपल्या गल्लीतलंच आहे. आता सिग्नलला थांबले की मान आपोआप तिकडे वळते.

या पद्धतीतली एक गोष्ट भावाने शेवटी सांगितली. ते 104 फटक्यांचे आजोबा जिंकले, म्हणून लगेच त्यांचं कार्ड हिशेबात गेलं आणि त्यांची सूट कमी झाली. चांगलं खेळलात की सूट घटते. पुढच्या सोमवारी जिंकायला त्यांना आणखी चांगलं खेळावं लागणार. "वाईट नाही वाटलं त्यांना?" मी विचारलं. भाऊ म्हणाला, "छे! सगळ्यांना फोन दाखवत फिरत होते, बघा माझा हँडिकॅप उतरला म्हणून."

मला ते लगेच कळलं. मी आठ वर्षांची असताना एका संध्याकाळी माझ्या चेंडूने लगोरी फुटली, सातही ठिकऱ्या उडाल्या. दादा क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "उद्यापासून ही लिंबूटिंबू नाही." दुसऱ्या दिवशी पहिल्याच डावात मला चेंडू लागला आणि मी बाद झाले. पाठ चांगलीच शेकली होती. घरी जाऊन मी आईला ती मोठ्या अभिमानाने दाखवली.