इंजिन उघडण्याआधी बघा : हेड गॅस्केट खरंच गेलंय का?



गेल्या महिन्यात ढोकीतल्या एका गटाच्या बैठकीत कर्जमागणी आली. ताईंच्या घरची जुनी स्प्लेंडर ऑइल गाळत होती. गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन उघडावं लागेल, सोबत ब्लॉक-पिस्टनही करून घ्या." सकाळचं दूध त्याच गाडीवर डेअरीला जातं, म्हणून ताई घाबरल्या होत्या. गटातल्या एकीने विचारलं, "ऑइल नेमकं गळतंय कुठून?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी धुवून पाहिली, तर ऑइल वरच्या टॅपेटच्या झाकणातून येत होतं. तिथली रबरी रिंग बदलली, काम झालं. कर्ज लागलंच नाही.

स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे आपल्या गावांत जुन्या गाड्या भरपूर. म्हणून हे प्रत्येकीला माहीत असावं.

गॅस्केट म्हणजे काय?

कुकरची रिंग सैल झाली की कडेने वाफ जाते आणि शिट्टी होत नाही. इंजिनचंही तसंच. खाली ब्लॉक, वर हेड आणि दोन्हींच्या सांध्यात पातळ गॅस्केट. आत पेट्रोल जळतं तेव्हाचा दाब ते अडवून धरतं. वरच्या भागाला जाणारं ऑइलही याच सांध्यातून जातं. गॅस्केट फुटलं की दाब निसटतो, नाहीतर ऑइल झिरपतं. गाडी चढाला ओढत नाही, सांध्यापाशी फुसफुस आवाज येतो.

मोबाइलवरच्या व्हिडिओत "रेडिएटरमध्ये बुडबुडे बघा" असं सांगतात. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनसाठी. स्प्लेंडर, प्लॅटिना, सीटी १०० या गाड्या हवेवर थंड होतात, त्यांना रेडिएटरच नसतो.

घरी करायच्या तपासण्या

गाडी मोकळ्या जागेत डबल स्टँडवर लावा, न्यूट्रल करा. पदर, ओढणी खोचून घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं.

१. पावडर लावा. इंजिन धुवून, पुसून कोरडं करा. सांध्यावर आणि वरच्या झाकणांभोवती अंगाला लावायची पावडर भुरभुरा. गाडी थोडी फिरवून आणा. पावडर सगळ्यात वर जिथे ओली झाली, गळती तिथून. ऑइल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, म्हणून खालचा डाग बघून निर्णय करू नका.

२. साबणाचं पाणी. गाडी पुन्हा थंड झाल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि लगेच चालू करा. सांध्यातून बुडबुडे फुटले, तर दाब तिथून निसटतोय. तापलेल्या इंजिनवर पाणी टाकू नका.

३. किक. चावी बंद ठेवून किक हळूच दाबा. मध्येच घट्ट अडली पाहिजे. सहज खाली गेली, तर दाब कुठेतरी निसटतोय. पण तो गॅस्केटमधून, रिंगमधून की वॉल्व्हमधून, हे किकवरून कळत नाही.

४. चमचाभर ऑइल. हे मेकॅनिककडून करून घ्या. चावी बंद ठेवून, प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं, प्लग बसवायचा आणि पुन्हा किक बघायची. किक घट्ट झाली, तर रिंग किंवा ब्लॉक झिजलाय. फरक पडला नाही, तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. अशा वेळी आधी टॅपेटची सेटिंग बघायला सांगा, त्यासाठी हेड काढावं लागत नाही.

एक लक्षात ठेवा. गॅस्केट कधीकधी आतल्या बाजूने, टायमिंग चेनच्या पोकळीकडे फुटतं. तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. बाकी सगळं तपासूनही किक हलकीच राहिली, तर मात्र हेड काढूनच बघावं लागतं. आणि सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल, तर बहुतेक वेळा कारण रिंग किंवा वॉल्व्हचं सील असतं.

गॅस्केटच गेलं असेल तर

काम पुढे ढकलू नका. ऑइल कमी होत गेलं तर इंजिन जाम होतं, आणि मग खर्च कितीतरी वाढतो. गॅस्केट स्वतः महाग नसतं, खर्च मजुरीचा. मेकॅनिकला तीन गोष्टी सांगा : गॅस्केट नवीनच टाका, हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का ते तपासा, नट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळा. जुना पार्ट परत मागून घ्या.

पुढे असं होऊ नये म्हणून इंजिनच्या पात्यांमध्ये अडकलेला रानातला चिखल काढत जा. हवा लागली नाही तर इंजिन तापतं. ऑइलची काडी आठवड्यातून एकदा बघा.

आता गटासाठी. गाडी दुरुस्तीची कर्जमागणी आली की नाही म्हणू नका. फक्त तीन प्रश्न विचारा : गळती कुठून आहे हे कुणी पाहिलं का? काय बदलणार? पार्ट किती आणि मजुरी किती? उत्तरं कागदावर घ्या आणि मगच ठराव लिहा. पैसा आपल्या बचतीचा आहे. तो खऱ्या बिघाडाला लागावा, अंदाजाला नको.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, ढोकी