चांद्रयानातील कक्षदाब
चंद्राकडे जाणाऱ्या अपोलो यानांच्या कक्षात राखला जाणारा वायुदाब. समुद्रसपाटीपासून सु. 450 मी. उंचीवरील सोलापूरला हवेचा दाब सु. 96 किलोपास्कल असतो. अवकाशात अपोलो कक्षातील दाब जेमतेम 34 किलोपास्कल असे, परंतु वायू जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन असल्याने श्वसनास बाध येत नसे. तथापि 1967 मध्ये जमिनीवरील चाचणीत, वातावरणाहून अधिक दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनात आग भडकून तीन अवकाशयात्री मृत्युमुखी पडले. त्यानंतर उड्डाणसमयी कक्षात 40 टक्के नायट्रोजन ठेवीत व पुढे त्याची जागा ऑक्सिजन घेई. यानास वायुबंद उपकक्ष नव्हता. त्यामुळे एकासच बाहेर पडावयाचे असले, तरी संपूर्ण कक्ष निर्वात करून सर्वांना दाबपोशाख चढवावे लागत. 1971 मध्ये चंद्राहून परतताना ॲल्फ्रेड वर्डेन यांनी अशा रीतीने बाहेर जाऊन छायाचित्रण-फिती आत आणल्या.